अडीच एकरांत जनावरं किती? आधी मे महिन्यातली वैरण मोजा

तुमचा बेत थोडक्यात असा. जांबोटी रस्त्याला अडीच एकर रान, त्यातलं एक एकर भाताचं. बाकी जांभ्या मातीचा उतार, त्यावर जुने काजू आणि दोन वर्षांपूर्वी लावलेले आंबा, फणस, शेवगा. विहीर एक, ती मेमध्ये तळ गाठते. तुम्ही बेळगावात नोकरीला, शनिवार-रविवार गावाकडे येता. आई-वडील गावातच असतात. पर्माकल्चर (झाडं, पिकं, जनावरं एकमेकांना पोसतील अशी शेती) म्हटलं की जनावरं हवीतच, म्हणून दोन गीर गायी, दहा शेळ्या, पन्नास कोंबड्या, थोडी बदकं आणि मधमाश्यांच्या दोन पेट्या आणायच्या. आधी काय आणू, असं विचारलंय.

आधी काहीच आणू नका. कागद-पेन्सिल घेऊन वैरणीचा हिशेब मांडा.

चारशे किलोच्या गीर गायीला दिवसाला पंचवीस किलो हिरवा आणि पाच-सहा किलो सुका चारा लागतो. दोन गायींचा हिरवा पन्नास किलो. शेळीला चार किलो धरला तर दहा शेळ्यांचे चाळीस. रोजचे नव्वद किलो झाले. एप्रिल आणि मे हे दोनच महिने घेतले तरी साडेपाच टन हिरवा चारा झाला, आणि तोही विहिरीला पाणी नसताना. कोंबडी दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाते. पन्नास कोंबड्यांचं वर्षाचं खाद्य दोन टनांच्या घरात जातं. तुमच्या एकरात भात किती होतं? चांगलं वर्ष असलं तर पंधरा-वीस क्विंटल. म्हणजे पिकलेलं सगळं भात कोंबड्यांपुढे ओतलं तरी जेमतेमच पुरेल.

आपल्याकडे जनावरांची संख्या दोनच गोष्टी ठरवतात: मे महिन्यातली वैरण आणि जुलै महिन्यातली कोरडी जागा. ऑक्टोबरात रान बघून कुणालाही वाटतं की इथं वीस जनावरं जगतील. तेव्हा बांधावर गुडघाभर गवत असतं, ओढा वाहत असतो. हेच रान मेच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. आणि जुलैत कणकुंबीकडून पावसाची झड लागली की पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा गोठ्यात जेवढी जागा कोरडी राहील तेवढीच जनावरं धडधाकट राहतात. पैसे, हौस, जात हे सगळं नंतर.

आता तुमच्या रानात खरोखर काय निघतं ते बघू. एकरभर भाताचं पिंजर (पेंढा) साधारण दीड टन धरा. उंच वाढणारं जुनं बियाणं असेल तर थोडं जास्त. अडीचशे किलोच्या गावठी गायीला रोज चार किलो पिंजर दिलं तर वर्षाला दीड टनच लागतं. एक एकर भात, एक गाय. हिरव्यासाठी विहिरीजवळ पाच गुंठ्यांत नेपियर लावलं तर पाणी असेपर्यंत रोज वीस-बावीस किलो मिळेल. उन्हाळ्यात निम्मं धरा. हे निम्मं भरून काढायचं काम कुंपणाचं. गिरीपुष्प, शेवरी, पांगारा, हादगा आणि उताराच्या वरच्या अंगाला तुती अशी मिसळ लावा. गिरीपुष्पाचा वास जनावराला सुरुवातीला आवडत नाही. कापून एक दिवस सुकत टाकलं की खातात, पण एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शावर देऊ नका. ही झाडं लावून पहिली छाटणी मिळायला दीड-दोन वर्षं जातात. तुम्ही आंबा-फणस दोन वर्षांपूर्वी लावलात. कुंपण या मिरगाला लावलंत तर गाय कधी येऊ शकेल, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

गीर गायीबद्दल. गीर वाईट नाही, पण ती काठेवाडच्या कोरड्या हवेतली. जांबोटीच्या पावसात, गोचिडात आणि पिंजरावर तिच्याकडून जाहिरातीतलं दूध निघत नाही, आणि किंमत मात्र जाहिरातीतलीच मोजावी लागते. घाटमाथ्याला पिढ्यान् पिढ्या राहिलेली बुटकी गावठी गाय घ्या. दूध दोन-तीन लिटर देईल, पण चढावर चरते, पाय सडत नाहीत, कमी खाते. तुम्हाला गाय मुख्यतः शेणा-मुतासाठी हवी आहे, तर त्या कामाला ती पुरून उरते. घरात दुधाचा खप जास्त असेल आणि वडिलांचा हात म्हशीला बसलेला असेल तर एक म्हैसच बरी. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गवळी धनगरांनी याच पावसात म्हशी सांभाळल्यात, ते काही उगाच नाही. अथणी-रायबागकडे राहत असता तर मी खिल्लार किंवा कृष्णाकाठची गाय सांगितली असती. ती कृष्णा खोऱ्यातली जात आता फारच कमी उरली आहे, पण ती काळ्या मातीची, उघड्या हवेची. तुमच्याकडे आणून तिचे हाल करू नका.

गाय घेण्याआधी आणखी एका गोष्टीचा विचार करा, जो कुणी मोकळेपणानं बोलत नाही. गाय साधारण सव्वा वर्षात एकदा वेते, आणि निम्मी वासरं खोंडं असतात. कर्नाटकात २०२० चा कायदा २०२१ च्या सुरुवातीपासून लागू आहे. गाय, बैल, वासरू यांच्या कत्तलीला बंदी, म्हशीलाही वयाची तेरा वर्षं होईपर्यंत. पलीकडे महाराष्ट्रातही २०१५ पासून बैलाला ती बंदी आहे. कायदा बरा की वाईट हे सांगायला मी बसलो नाही. पण बैलजोडीची गरज ट्रॅक्टरनं संपवलेल्या गावात खोंडाला गिऱ्हाईक नाही आणि भाकड गायीलाही नाही. हेडी (गुरांचा व्यापारी) पूर्वीसारखा दारात येत नाही. म्हणजे एक गाय घेतली की सात-आठ वर्षांत दावणीला तीन-चार जनावरं होणार, आणि तुमचं पिंजर एकीपुरतंच आहे. त्यावर दोन तोडगे. पहिला, रेतन करताना कालवडच होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेलं लिंगवर्गीकृत वीर्य मागा. सरकारी दवाखान्यात मिळतं का ते विचारा. कालवडीला गिऱ्हाईक असतं. दुसरा, खोंड झालाच तर कामाला लावायची तयारी ठेवा. एकबैली कोळपं भाताच्या रानात नाही, पण भाजीच्या वाफ्यात आणि काजूच्या ओळीत छान चालतं. दोन्ही जमणार नसेल तर गाय घेऊ नका. शेण शेजाऱ्याकडून विकत घ्या, स्वस्त पडेल.

शेळ्यांना माझा सरळ नकार आहे, निदान पाच वर्षं. दोन वर्षांची आंबा-फणसाची झाडं आणि शेळी एका रानात नांदत नाहीत. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाच-साडेपाच फुटांपर्यंत शेंडा खुडते आणि सालही सोलते. बांधून ठेवीन म्हणाल, तर दहा शेळ्यांना रोज चाळीस किलो पाला कापून आणणार कोण? सत्तरीतले वडील? शिवाय शेळीला पाऊस सोसत नाही. जांबोटीच्या पावसाळ्यात तिला जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचं माचाण लागतं, खालून लेंडी पडेल असं. तो खर्च दहा शेळ्यांतून निघत नाही. लेंडीखत हवं असेल तर सुगी झाल्यावर धनगराची मेंढरं रानात बसवा. रात्रीचा हिशेब ठरवायचा, भात किंवा रोख. दोन-तीन रात्रीत एकरभर रानाला खत आणि मूत सारखं पडतं, आणि सकाळी कळप पुढच्या गावाला. वर्षभर वैरण न घालता जनावराचं काम होतं. पर्माकल्चरच्या शिबिरांत ‘चल जनावरं’ (फिरती जनावरं) म्हणून जे शिकवतात ते आपल्याकडे शेकडो वर्षं चाललंय. त्यांचे फिरण्याचे रस्ते आता प्लॉट पाडून बंद होत चाललेत, हा निराळा विषय.

मग पहिलं जनावर कोणतं? मधमाशी. तिला वैरण लागत नाही, तुम्ही सोमवार ते शुक्रवार नसलात तरी तिचं अडत नाही. सातेरीची (आपल्याकडच्या देशी माशीची) पेटी घ्या, इटालियन माशीच्या नादाला लागू नका. जानेवारी ते मार्च काजूचा मोहर तुमच्याच रानात. पेटी काजूच्या सावलीत, पायांना पाण्याच्या वाट्या ठेवून, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि आठ-दहा दिवसांनी तळपाट पुसून मेणकिडा बघावा लागतो; हे काम रविवारचं. एकच अट आहे: मोहरात ढेकण्या किडीसाठी फवारणी केलीत, किंवा शेजाऱ्यानं केली, तर पेटी रिकामी होईल. शेजाऱ्याशी हे बोलणं पेटी आणण्याआधी करा.

दुसऱ्या नंबरला कोंबड्या, पण पन्नास नाही. दहा-बारा तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा. एवढ्या कोंबड्या परड्यात, काजूखाली, उकिरड्यावर उकरून निम्मं पोट भरतात. बाकी निम्म्याला कणी, कोंडा आणि घरातलं उरलंसुरलं पुरतं. त्यापलीकडे संख्या गेली की गोण विकत आणावी लागते आणि मग ते खुराडं तुमच्या शेतीचं राहत नाही, खाद्य कंपनीचं होतं. गावठीच घ्या. बेंगळूरच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज कोंबडी अंगानं मोठी, अंडी वर्षाला सव्वाशे-दीडशे, दिसायलाही देखणी. पण ती खुडूक बसत नाही. दरवेळी पिल्लं विकत आणावी लागतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, पण दहा-बारा अंडी खाली घेऊन एकवीस दिवस बसते, पिल्लं काढते आणि घारीपासून राखतेही. गाव बघून मगच जात निवडा.

कोंबड्यांचं खरं काम अंड्यांपेक्षा मोठं आहे. काजूची, फणसाची गळ त्यांनी रोज उकरली की खाली कोष करणाऱ्या किडी कमी होतात. वाळवी तर फुकटचं खाद्य: जुन्या गाडग्यात ओलं शेण आणि पिंजराचे तुकडे दाबून भरा, वाळवीच्या वारुळाजवळ संध्याकाळी पालथं घाला, वर ओलं पोतं टाका. सकाळी गाडगं उचलून कोंबड्यांपुढे आपटा आणि मजा बघा. भाजीच्या वाफ्यात मात्र त्यांना पीक निघाल्यावरच सोडा, कोवळ्या रोपांवर नाही. रात्री त्या पक्क्या खुराड्यात हव्यात. मुंगूस, रानमांजर, साप सगळे येतात. सहाकोनी कोंबडीजाळी मुंगूस फाडतो, वेल्डमेश लावा, खाली फूटभर जमिनीत पुरून. मानमोडीची (राणीखेत) लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दोन-अडीच महिन्यांनी. ही चुकली तर अख्खं डालगं दोन दिवसांत रिकामं होतं, हे आईंना सांगायला नको. गावातल्या प्रत्येक बाईनं ते पाहिलेलं असतं.

ॲझोला, म्हणजे जनावरांना घालतात ती पाण्यावर वाढणारी वनस्पती; त्याच्या टाकीचंही विचारलंत. टाकी करा, हौस म्हणून. पण त्यावर हिशेब बांधू नका. ताज्या ॲझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. किलोभर काढला की त्यात सुका भाग पन्नास-साठ ग्रॅम, आणि प्रथिनं बारा-पंधरा ग्रॅम. मूठभर शेंगदाणा पेंडीत त्याहून जास्त असतात. ‘पेंडीला पर्याय’ म्हणून जे सांगतात ते टाकीचं प्लास्टिक विकणारे.

बदकं मात्र तुमच्याकडे चालतील, आणि त्यांचं कारण गोगलगायी. भाताच्या खाचरातल्या गोगलगायींतून गुरांच्या काळजाला (यकृताला) चपटे जंत लागतात. पावसाळ्यानंतर जनावर खाऊनही वाळत जातं, जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबते, दूध आटतं. लोक समजतात नजर लागली. रोवणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी, रोपं धरली की, पाच-सहा बदकं खाचरात सोडा. गोगलगायी खातात, चिखल ढवळतात, तण कमी होतं. भात निसवायला लागलं की बाहेर काढा, नाहीतर लोंब्या खातील. आणि पिंजर कापताना अगदी बुडख्यापासून, पाण्यातला ओला भाग घेऊन कापू नका. खणखणीत वाळवूनच व्हळी (गंजी) रचा. ओलं पिंजर म्हणजे जंत घरी आणणं. दिवाळीनंतर डॉक्टरकडून या जंताचं नेमकं औषध द्या. सरसकट आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारून घेऊ नका. या चपट्या जंतावर ते चालतही नाही, आणि ते शेणातून उतरतं व शेणकिडे मारतं. शेणकिडे मेले की शेणाचा पो आठवडाभर तसाच पडून राहतो.

निपाणी-चिक्कोडीकडच्या मंडळींसाठी मध्येच एक गोष्ट. तुमच्याकडे हंगामात उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून चार-चार महिने फक्त वाढ्यावर गुरं ठेवतात. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर. ते अंगातला चुना बांधून घेतं. गाय वेळेवर माजावर येत नाही, उलटते, हाडं ठिसूळ होतात. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्या, आणि निम्मा तरी कडबा द्या. कोवळ्या ज्वारीत मात्र, विशेषतः पाण्याच्या ताणावर खुंटलेल्या, जनावर अजिबात सोडू नका. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागलं तर डॉक्टर येईपर्यंत जनावर उरत नाही.

आता गाय आलीच, असं धरून खताचं सांगतो, कारण तुमच्या सगळ्या बेताचा पाया तोच आहे. गावठी गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते. ते उघड्यावर उकिरड्यात टाकलं तर जांबोटीच्या पावसात ऑगस्टपर्यंत त्यातलं सगळं सत्त्व ओढ्याला गेलेलं असतं, उरतो तो चोथा. उकिरड्यावर छप्पर पाहिजे, पत्र्याचं नाहीतर झापाचं, आणि भोवतीनं चर. मुताचं तर त्याहून महत्त्वाचं: जनावर जो पालाश बाहेर टाकतं त्यातला बहुतेक आणि जवळपास निम्मा नत्र मुतात असतो, आणि सिमेंटच्या गोठ्यातून तो रोज धुऊन जातो. म्हणून गोठ्याला सिमेंट करू नका. मुरूम ठोकून घ्या, त्यावर काजूचा, फणसाचा वाळका पातेरा वीतभर अंथरा. पातेरा फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करून पोत्यात भरून ठेवायचा. पावसात मिळत नाही. रोज सकाळी शेण उचललं की वर नवा थर. थर बरोबर आहे की नाही ते हातानं कळतं: मूठभर घेऊन पिळा. ओल लागली पण थेंब पडला नाही, तर ठीक. थेंब गळला किंवा नाकात अमोनिया चढला, तर पातेरा कमी पडला. पंधरा-वीस दिवसांनी सगळं काढून उकिरड्यात. हे खत साध्या शेणखतापेक्षा जास्त काम करतं. कोंबडीची विष्ठाही त्यातच मिसळा, थेट झाडाला घालू नका, मुळं जळतात.

लशींचं वेळापत्रक वडिलांच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा. मिरगाच्या आधी, मेमध्ये, घटसर्प आणि फऱ्या. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, सरकारी मोहीम येते तेव्हा. लम्पीची लस दरवर्षी. २०२२ साली ती साथ या भागातून गेली तेव्हा बाजार बंद होते, हे सगळ्यांना आठवत असेल. बिबट्याचं म्हणाल तर तुमचा पट्टा भीमगड अभयारण्यापासून दूर नाही. गोठ्याला दार हवं आणि कुत्रा रात्री आत. बिबट्याला गायीपेक्षा कुत्रा सोपा.

शेवटी वडिलांचं. तुम्ही लिहिलंय, ‘बाबा बघतील’. सौंदत्तीची यात्रा असो, घरात लग्न असो, कंबर धरलेली असो, गाय सकाळ-संध्याकाळ पिळावीच लागते. आमच्याकडे असं ठरवायच्या आधी म्हाताऱ्याला विचारतात, ‘तुमास्नी झेपतंय काय?’ त्यांचं खरं उत्तर पहिल्या फटक्यात मिळत नाही, मुलाचा उत्साह बघून ते हो म्हणतात. त्यांना महिनाभर शेजारच्या गोठ्यात सकाळचं काम करून बघू द्या. मग विचारा.

क्रम सांगायचा तर: या मिरगाला कुंपणाची झाडं आणि नेपियर. दिवाळीनंतर दोन पेट्या, संक्रांतीनंतर दहा कोंबड्या, पुढच्या रोवणीला बदकं. गाय त्यानंतरच्या वर्षी ज्येष्ठात येणाऱ्या कर्नाटकी बेंदराआधी नको. आणायची ती दिवाळीनंतर, पिंजराची व्हळी रचून झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, तुमच्याच पावसाच्या पट्ट्यातल्या घरची, कानातला बारा आकडी बिल्ला बघून. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून स्वस्तात मिळते म्हणून कागदाशिवाय हद्द ओलांडून गाडीत भरून आणू नका. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून लांब बांधा, आणि तिच्या जुन्या घरातलं पोतंभर पिंजर मागून आणा. पहिले चार दिवस तेच घाला, मग हळूहळू तुमचं मिसळा.